मे महिन्यातली शाळा

एप्रिल अर्धा उलटला की माझ्या अंगाला आपोआप सुट्टीचे वेध लागतात. इंग्लंडात येऊन सतरा वर्षं झाली तरी. बाहेर अकरा डिग्री, झाडांना नुकती कुठे पालवी फुटतेय, घरात हीटिंग चालू, आणि माझ्या डोक्यात मात्र वाळ्याचं पाणी, आंब्याची डाळ, माळ्यावरून काढलेला कॅरम. आणि नेमका तेव्हाच लेकीच्या शाळेचा ईमेल येतो की समर टर्ममध्ये आपलं स्वागत आहे, आणि खाली तारखांची ही एवढी लांबलचक यादी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, इथे शाळेचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं आणि तीन टर्म असतात. त्यातली समर टर्म म्हणजे ईस्टरच्या सुट्टीपासून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत, मधे मेच्या शेवटी एक आठवडा हाफ टर्मची सुट्टी. म्हणजे आपल्याकडे शाळेला कुलूप लागलेलं असतं तोच इथे सगळ्यात गजबजलेला काळ. मी साताऱ्यात मुलींच्या शाळेत शिकले. मार्चपासून सकाळची शाळा, एप्रिलमध्ये परीक्षा, १ मेला झेंडावंदन आणि निकाल. प्रगतिपुस्तकात बाईंच्या तिरक्या अक्षरात 'वरच्या वर्गात घातले आहे' एवढं वाचलं की संपलं, मग जूनमधे पहिला पाऊस पडेपर्यंत शाळा नावाची गोष्ट जगात नव्हती. आईला फोनवर सांगितलं की नातीची परीक्षा जूनमधे आहे, तर दर वर्षी तोच प्रश्न. "अगं पण मे महिन्यात कसली शाळा?"

लेक इयर टेनला आहे. इयर टेन म्हणजे दहावी नव्हे बरं का, वयाने आपली नववी. आपली दहावी म्हणजे इयर इलेव्हन, त्यांची जीसीएसई. मुलींचीच शाळा आहे, सरकारी, फी नाही, लंडनपासून ट्रेनने चाळीस मिनिटांवर. दर शुक्रवारी दुपारी न्यूजलेटर येतं आणि त्याची सुरुवात कायम एकाच सुरात, की हा आठवडा किती धावपळीचा गेला. मी ते ऑफिसच्या ट्रेनमधे बसून अगदी शेवटपर्यंत वाचते, नवरा म्हणतो तू एकटीच असशील वाचणारी. असेन. अमक्या स्पर्धेत इयर एटची टीम दुसरी आली, रविवारी केक सेलमधे इतके पौंड जमले, हरवलेले जंपर रिसेप्शनला आहेत कृपया घेऊन जा, ब्लेझर काढायची परवानगी सोमवारपासून. हे ब्लेझरचं मला भारी वाटतं, पंचवीस डिग्रीला इथे शाळा सनस्क्रीन आणि पाण्याच्या बाटलीची सूचना काढते. हसायचे मी आधी. मग १९ जुलै २०२२ ला इथे लिंकनशरमधे ४०.३ डिग्री झालं, देशातला आजवरचा उच्चांक, आणि पंखा नसलेल्या, ऊन आत कोंडणाऱ्या घरात बसून मी हसणं बंद केलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून शाळेचा आवाज बदलतो. जीसीएसई सुरू. हॉल बंद, कॉरिडॉरमधे शांतता राखाच्या पाट्या, आणि इयर इलेव्हनच्या मुली पारदर्शक पाउच आणि लेबल सोलून काढलेली पाण्याची बाटली घेऊन रांगेत. लेबल का सोलायचं तर त्यावर आतून काही लिहून आणलं असेल तर. एकेका मुलीचे वीसच्या वर पेपर होतात, जून अर्धा संपून जातो, आणि त्याच वेळी बाहेर गवताचा परागही नेमका जोरात असतो, म्हणजे हे-फीव्हर, परागाची ॲलर्जी. निम्मा हॉल शिंकतोय आणि पेपर लिहितोय. ज्याने कोणी हे वेळापत्रक ठरवलं त्याला नक्की शिंका येत नसणार.

निकाल ऑगस्टमधे, गुरुवारी. मार्क नाहीत, नऊ ते एक अशा ग्रेड, नऊ सगळ्यात वरची. शेजारच्या मुलीला सगळ्या विषयांत नऊ मिळाले म्हणून मी कौतुकाने आईला सांगितलं तर आई म्हणाली, "छान. पण एक-एक मार्क कुठे गेला गं तिचा?"

परीक्षेच्या आधी लीव्हर्स डे असतो. पांढऱ्या शर्टांवर एकमेकींनी मार्करने सह्या करायच्या, पाठीवर, बाह्यांवर, कॉलरखाली. लेकीने मला फोटो दाखवले सीनियर मुलींचे आणि मला एकदम स्लॅम बुक आठवलं. तोच प्रकार. 'फेव्हरेट ॲक्टर', 'माझ्याबद्दल एक वाक्य', आणि सगळ्यांनी एकच वाक्य लिहायचं, 'तू खूप प्रेमळ आहेस, अशीच राहा'. फक्त आम्ही वहीत लिहायचो, शर्टावर लिहिलं असतं तर आईने धुणं बडवायच्या धोपटण्यानेच घेतलं असतं. मग जूनच्या शेवटी त्यांचा प्रॉम, म्हणजे नटूनथटून निरोपाची पार्टी. त्यावर मी फार बोलत नाही कारण ड्रेसच्या किमती ऐकून माझं डोकं फिरतं, आणि ज्या मुलींना परवडत नाही त्या 'मला नाही आवडत असलं काही' म्हणून घरी बसतात हे मला दोघींच्या आयांकडून कळलंय. आमच्या निरोप समारंभाला सगळ्या काकू-मावश्यांच्या साड्या नेसून आलेल्या, तेवीस पिना लावून, आणि चालताना एकमेकींच्या निऱ्या धरत. तिथेही कोणाची साडी कुठली हे सगळ्यांना कळत होतंच म्हणा.

मुलींची शाळा म्हणजे काहीतरी गोड गुलाबी प्रकार असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा इयर नाइनच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधे डोकावावं. मागच्या वर्षी लेकीला एका ग्रुपमधून काढलं, कारण काय ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि तीन आठवडे ती लायब्ररीत बसून डबा खात होती. शाळेला सांगितलं तर एक फॉर्म भरून घेतला. बस. मग आपोआप मिटलं, जसं पेटलं होतं तसंच. हे सगळं न्यूजलेटरमधे नसतं.

या टर्मला तिच्या वर्गाला असेंब्लीत बोलायचं होतं, प्रत्येकीने पाच मिनिटं, तुम्हाला महत्त्वाची वाटणारी एक बाई. शाळेतली हाउसं पण बायकांच्याच नावांची आहेत, सीकोल, लव्हलेस, फ्रँकलिन, पँकहर्स्ट. (आमची जिजाऊ, अहिल्या, सावित्री, लक्ष्मी होती. मी लक्ष्मी. हळदीकुंकवाला नाही, झाशीच्या राणीसाठी, हे दर वर्षी नव्या मुलींना समजावून सांगावं लागायचं.) लेक म्हणाली मी सावित्रीबाईंवर बोलते. मला बरं वाटलं पण मी म्हटलं की एक असं नाव सांगते जे तुझ्या मिसना पण माहीत नसेल आणि ती बाई इथून फार लांब नव्हती राहिली.

पंडिता रमाबाई १८८३ मधे इंग्लंडला आल्या. नवरा गेलेला, बरोबर दोन वर्षांची मनोरमा. आधी वाँटेजला मिशनच्या सिस्टर्सकडे, आणि मग १८८४ ते १८८६ चेल्टनम लेडीज कॉलेजात. तिथे स्वतः शिकत होत्या आणि इंग्रज मुलींना संस्कृत शिकवत होत्या. मुलींची शाळा, डोरोथिया बील नावाची जबरदस्त हेडमिस्ट्रेस, आणि वर्गात फळ्यापुढे आपली रमाबाई, कोकणस्थ घरातली, जंगलं-तीर्थक्षेत्रं पायी तुडवत आईकडून संस्कृत शिकलेली. मग तिथून त्या थेट अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींना फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी मिळाली त्या समारंभाला. मी हे सगळं भाजी चिरत सांगत होते आणि लेक फोनवर टाइप करत होती, मला वाटलं मैत्रिणीशी बोलतेय, तर ती नोट्स काढत होती.

मग तिने स्वतःच शोधाशोध केली आणि तारखा एका कागदावर ओळीने मांडल्या. पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव-सावित्रीबाईंची मुलींची शाळा, १८४८. त्याच वर्षी लंडनला हार्ली स्ट्रीटवर क्वीन्स कॉलेज सुरू, मुलींसाठीच. नॉर्थ लंडन कलेजिएट १८५०. रमाबाई चेल्टनममधे १८८४, आणि त्याच वर्षी पुण्यात हुजूरपागा सुरू, जिथे माझी मावशी शिकली. आणि सगळ्यात खाली तिने लाल पेनने लिहिलं होतं की केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी द्यायला सुरुवात केली १९४८ ला. "आई, भिडेवाड्यानंतर शंभर वर्षांनी!" मला ते कधी सुचलंच नव्हतं, शंभरचा आकडा. आम्हाला शाळेत भिडेवाडा पाठ होता, १८४८ पाठ होतं, ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालायचो, पण ते शेजारी ठेवून बघायला दुसरं काही नव्हतं.

असेंब्लीत पाच मिनिटांचं साडेतीन मिनिटांत संपवलं तिने, घाबरून भराभर बोलली म्हणे. न्यूजलेटरमधे एक ओळ आली, रमाबाईंच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं.

जूनमधे ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्डचा ब्राँझ, म्हणजे पहिला टप्पा. ही योजना १९५६ पासूनची आहे, आधी फक्त मुलांसाठी, मुलींसाठी १९५८ ला सुरू झाली. काही महिने एखादी सेवा, एखादा खेळ, एखादं कौशल्य, आणि शेवटी मोहीम, दोन दिवस आणि मधली एक रात्र तंबूत. चार ते सात जणींचा गट, नकाशा, होकायंत्र, पाठीवर तंबू-चूल-जेवण सगळं, आणि मुख्य म्हणजे बरोबर मोठं माणूस चालत नाही. शिक्षक कुठेतरी पुढच्या टप्प्यावर थांबतात. मी म्हटलं म्हणजे काय, पाच पोरी रानात एकट्या? नवरा म्हणाला रान कुठे आहे, मेंढ्या आहेत. जेवणाचा मेन्यू लिहून द्यायचा होता तर मी दशम्या आणि लसणाची चटणी सुचवली, चार दिवस टिकतात. उत्तर आलं की एक तरी जेवण स्पिरिटच्या चुलीवर गरम शिजवायला हवं, तो नियमच आहे. शेवटी पास्ता. दशम्या मी गुपचूप बॅगेच्या तळाशी कोंबल्याच.

रविवारी संध्याकाळी आणायला गेले तर कारमधे बसल्याबरोबर बुटांचा जो काही वास सुटला. दोन्ही टाचांना फोड, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि नकाशाच्या प्लास्टिकच्या पाकिटावर गाईच्या शेणाचा अर्धगोल. चुकल्या होत्या. दीड तास. एका शेताच्या कुंपणावरून चढून जायच्या लाकडी पायरीवर बसून पाचही जणींनी भांडण केलं, कोणी म्हणे डावीकडे, कोणी म्हणे मागे, एक रडली, एकीने सांगितलं की रडून झालं की सांग, आपण तोवर दशम्या खाऊ. मग जी सगळ्यात कमी बोलते ती सोमाली मुलगी म्हणाली की नकाशा उलटा धरलाय. एवढंच. सरळ धरला आणि चालू पडल्या. मी विचारलं, शिक्षकांना फोन नाही केला? लेक म्हणाली, "का? कोणाला काही झालं थोडीच होतं."

घरी येऊन ती आंघोळ न करताच झोपली आणि मी बसून राहिले. मला वेगळंच आठवत होतं.

आमच्या शाळेत गॅदरिंगच्या आधी वर्गातले बाक खाली हॉलमधे न्यावे लागायचे. जुने सागवानी बाक, दोन जिने. एक शिपाईमामा होते, त्यांचं वय झालेलं, ते नुसते खाली उभं राहून "सावकाश गं पोरींनो" म्हणायचे. सगळं आम्हीच. एक टोक मी, एक टोक मैत्रीण, वळणावर तिरका करायचा, खालच्याने मागे बघायचं नाही, वरच्याने सांगायचं की पायरी आली. पडदा बांधायला शिडीवर आम्ही, फ्यूज गेला की फ्यूज आम्ही, खो-खोचे खांब रोवायला पहार आम्ही. यात काही विशेष आहे असं कुणाला वाटतच नव्हतं, दुसरं होतंच कोण करायला?

मग अकरावीला कॉलेजात गेले. पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले, जरा चार जण या, हे टेबल बाजूला घ्यायचंय. मी उठले. सवयच ती. पूर्ण वर्ग हसला. सर पण हसले, वाईट मनाने नाही, म्हणाले, "अहो तुम्ही बसा, मुलं आहेत ना." मी बसले. कान तापलेले. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर पंधरा-वीस वर्षं मी कुठलंच टेबल उचललं नाही. कोणी मना केलं नव्हतं. फक्त दर वेळी कोणीतरी पुढे यायचं आणि मी बाजूला व्हायचे, सिलिंडर असो, सुटकेस असो, इथे आल्यावर फर्निचर असो. लेकीला मुलींच्या शाळेत घालायचं ठरलं तेव्हा मित्रमंडळीत बराच वाद झाला की आजकाल कुठे असं वेगळं ठेवतात, उद्या मुलांबरोबरच काम करायचं आहे ना. त्यांचं चूक नाही. पण मी हे टेबलाचं कारण कोणाला सांगितलं नाही, सांगायला फारच किरकोळ वाटतं.

स्पोर्ट्स डे नेहमीसारखा झाला. सीकोल हाउस तिसरं. लेकीने भालाफेक केली, भाला आडवा पडला. राउंडर्सची मॅच मला अजूनही नीट कळत नाही, एका हाताने बॅट, चार खांब, आणि पळायचं. मी आपली टाळ्या वाजवते.

आणि मग जुलैच्या पहिल्या शनिवारी समर फेअर. पालक-शिक्षक संघाने विचारलं की कोणी काही खायला करेल का आणि मी कुठल्या भरात कोण जाणे, बटाटेवडे म्हणाले. म्हणजे आता ॲलर्जीचा फॉर्म. इथे चौदा ॲलर्जन्सची ठरलेली यादी असते आणि पदार्थात त्यातलं काय आहे ते लिहून लावावं लागतं. मला वाटलं बटाटा, बेसन, मिरची, आलं, कोथिंबीर, यात कसलं काय. वाचायला घेतलं तर मोहरी त्या चौदात. फोडणीतली मोहरी! म्हटलं ठीक, लिहू. मग हिंगाची डबी उलटी करून बघितली तर त्यात गव्हाचं पीठ, म्हणजे ग्लूटेन. आणि शाळेत शेंगदाण्याला बंदी म्हणून आमची सुकी लाल चटणी गेली, तीळ घालून करावी तर तीळ पण यादीत. शेवटी नुसती लसूण-खोबरं-तिखट. आयुष्यात वड्याचा इतका विचार मी कधी केला नव्हता. शाळेत तळायला परवानगी नाही, म्हणून सकाळी पाचला उठून घरी एकशेवीस वडे तळले, खिडक्या उघड्या, स्मोक अलार्मवर शॉवर कॅप चढवलेली, आणि चार कॅसरोलांत भरून नेले.

अकराला फेअर सुरू, साडेदहाला वारा सुटला. मैदानावर इयर टेनच्या मुली गझिबो उभे करत होत्या, ते पत्र्यासारखं फडफडणारं पांढरं छत आणि चार पाय. आमच्या स्टॉलचं छत अचानक फुगलं आणि उचललंच गेलं, एक पाय जमिनीपासून हातभर वर. सहा जणी धावल्या. एकीने पाय धरून त्यावर बसकण मारली, दोघी दोरीला लोंबकळल्या, लेक ओरडतेय खुंटी दे, खुंटी, हातोडा नाहीये तर बुटाने ठोक. शेजारच्या टॉम्बोला (चिठ्ठी काढून बक्षीस) स्टॉलवरचे एक बाबा, चांगले उंच, पळत आले आणि हात पुढे करून म्हणाले, मुलींनो सरा, मी बघतो. त्यांच्याकडे कोणी बघितलं पण नाही. उद्धटपणे नाही, खरंच कामात होत्या. दोरीला लोंबकळणारीने नुसतं म्हटलं, "थँक्स, झालंय आमचं," आणि दात-ओठ खात खुंटीवर टाच मारली. ते बाबा क्षणभर तसेच उभे, हात पुढे, आणि मग त्यांनी तोच हात पुढे नेऊन एक वडा घेतला आणि विचारलं, यात मोहरी आहे का?

वडे पाऊण तासात संपले. पाव उरले. टॉम्बोलात मला शॉवर जेल लागलं, जे मीच देणगीत दिलं होतं. दोनला पाऊस आला, तो अगदी वेळेवर, आणि सगळे आवरायला पळाले. मुली घडीची टेबलं हॉलकडे नेत होत्या, दोघी-दोघी, डोक्यावर टेबल धरून पावसाची छत्री करून. मी कॅसरोलं पोटाशी धरून झाडाखाली उभी, सवयीने बघत होते की कोण येतंय न्यायला. लेक शेवटचं टेबल धरून उभी होती, तिची जोडीदारीण छत गुंडाळायला गेलेली.

"आई, ते ठेव खाली. ते टोक धर ना."

ठेवलं. धरलं. अपेक्षेपेक्षा जड होतं. ती पुढे तोंड करून, मी मागे मागे चालत, गवत निसरडं, चष्म्यावर पाणी, काही दिसेना, आणि हॉलच्या दाराशी ती म्हणाली, "मागे बघू नकोस. पायरी आहे. दोन."